विमान जमिनीवर असताना कोण कोणाशी बोलतो?
कापसाच्या ट्रकवर आदळलेले विमान आणि त्यामागची निरोपांची साखळी

देवगाव रंगारी (ता. कन्नड) : 26 एप्रिल 1993 ची दुपार औरंगाबादच्या जुन्या व्यापाऱ्यांना अजून आठवते. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत औरंगाबादला आलेले इंडियन एअरलाइन्सचे 491 क्रमांकाचे बोइंग 737 विमान दुपारी एकच्या सुमारास चिकलठाण्याहून मुंबईला निघाले. विमानात 118 माणसे होती. धावपट्टी संपते त्याच्या थोडे पुढून बीडचा रस्ता जातो. त्या वेळी त्या रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता. विमान पुरते वर उठले नव्हते. त्याची डावीकडची चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग रस्त्यापासून सुमारे सात फूट उंचीवर ट्रकवर आदळला. तशाच अवस्थेत विमान पुढे गेले, सुमारे तीन किलोमीटरवर विजेच्या उच्च दाबाच्या तारांना लागले आणि जमिनीवर कोसळले. 55 माणसे दगावली, 63 वाचली.

चौकशीत दोन कारणे पुढे आली. एक, वैमानिकांनी विमानाचे नाक उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकीची होती. दोन, विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक आवरण्याचे काम तेव्हाच्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाकडून झाले नाही. पहिल्या कारणाची चर्चा वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाली. दुसऱ्याकडे आपल्या व्यापारी बांधवांचे लक्ष फारसे गेले नाही. खरे तर ते आपल्याला अधिक जवळचे आहे. गाठी आपल्या मराठवाड्याच्या धंद्यातल्या, ट्रक आपल्यासारख्याच कोणाचा. वैमानिक टॉवरशी बोलत होता, टॉवर वैमानिकाशी बोलत होता. ट्रकच्या ड्रायव्हरशी मात्र कोणी बोलत नव्हते. विमान येते आहे, दोन मिनिटे थांब, एवढे त्याला सांगणारे कोणी नव्हते.

विमानाचा प्रवास आकाशात होतो हे खरे. पण जमिनीवर ते एका जागेहून दुसऱ्या जागी जाते ते निरोपांच्या जोरावर. हे निरोप कोण देतो, कोण घेतो, घेतला हे कसे कळते आणि साखळीतून एक माणूस सुटला तर काय होते, याची माहिती आज देत आहोत. आपल्या भागातली पुष्कळ माणसे उमराहला, आखातात कामाला किंवा मुंबई-दिल्लीला मालासाठी विमानाने जातात. दार बंद झाल्यावर विमान अर्धा-अर्धा तास जमिनीवर का रेंगाळते, असे ते विचारतात. त्याचेही उत्तर यात मिळेल.

ढकलण्यापासून सुरुवात

प्रवासी विमान ज्या जागी उभे असते तिला स्टँड आणि त्या सगळ्या फरशीला एप्रन म्हणतात. विमानाच्या चाकांना मोटारीसारखे इंजिन जोडलेले नसते. ते इंजिनाच्या हवेच्या जोरावर पुढे सरकते. इमारतीला नाक लावून उभे असेल तर त्याला मागे ढकलावे लागते. हे काम टग नावाचा जाड, बुटका ट्रॅक्टर करतो. टग आणि विमानाचे पुढचे चाक यांच्यामध्ये बहुधा लोखंडी दांडा असतो.

खाली उभा असलेला एक माणूस कानाला हेडफोन लावतो. त्याची तार विमानाच्या नाकाजवळ खोचलेली असते. वर वैमानिक आणि खाली हा माणूस यांचे बोलणे चालू होते. ढकलण्याची परवानगी वैमानिकाने आधी टॉवरकडून घेतलेली असते. मग खालचा माणूस विचारतो, ब्रेक सोडला का? वैमानिक सांगतो, सोडला. तेव्हाच टग हलतो. विमान ठरलेल्या जागी आले की खालचा माणूस सांगतो, ब्रेक लावा. वैमानिक उत्तर देतो, लावला. दरम्यान इंजिने सुरू होतात.

यानंतरचा भाग सर्वांत नाजूक. दांडा निघतो, टग बाजूला होतो, हेडफोनची तार निघते. तार निघाली की वर-खालचे बोलणे संपले, आता फक्त हाताच्या खुणा. पुढच्या चाकात एक पिन घातलेली असते, तिला लाल फीत असते. खालचा माणूस ती पिन काढतो, विमानापासून दूर, वैमानिकाला दिसेल अशा जागी उभा राहतो आणि पिन हातात उंच धरून दाखवतो. पिन निघाली, माणसे निघाली, ट्रॅक्टर निघाला, असा तिचा अर्थ. वैमानिक हाताने किंवा दिव्याने उत्तर देतो. त्याआधी विमानाने एक इंचही पुढे जायचे नाही.

16 डिसेंबर 2015 रोजी मुंबईत हैदराबादला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाच्या बाबतीत नेमके हेच बिघडले. विमान मागे ढकलून झाले होते. खालची माणसे दूर झाली नव्हती. विमान पुढे निघाले आणि एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला जाऊन मरण पावला. चालू इंजिनासमोर हवेची ओढ इतकी असते की जवळच्या माणसाला पाय रोवायला वेळ मिळत नाही. एक खूण, ती कोणी दिली, कोणी पाहिली आणि कोणी पाहिल्याचे समजून घेतले, यावर एका घरचा कमावता माणूस अवलंबून असतो.

मनोऱ्यातले आवाज

ढकलून झाल्यावर वैमानिक पुन्हा रेडिओवर येतो. मुंबई, दिल्लीसारख्या मोठ्या विमानतळांवर ही कामे वाटून दिलेली असतात. एक अधिकारी फक्त जमिनीवरची ये-जा पाहतो, त्याला ग्राउंड म्हणतात. दुसरा फक्त धावपट्टी पाहतो, तो टॉवर. प्रत्येकाची रेडिओची जागा, म्हणजे फ्रिक्वेन्सी, वेगळी. विमान ग्राउंडच्या हद्दीतून टॉवरच्या हद्दीत गेले की ग्राउंड सांगतो, आता अमुक फ्रिक्वेन्सीवर टॉवरशी बोला. लहान विमानतळांवर ही सगळी कामे बहुधा एकाच मनोऱ्यातून, एकाच आवाजात होतात.

विमानांचा हा रेडिओ सुमारे 118 ते 137 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतो. तो टेलिफोनसारखा नाही. टेलिफोनवर दोघे एकाच वेळी बोलले तरी काही ना काही ऐकू येते. इथे बटण दाबून बोलायचे, सोडून ऐकायचे. एका वेळी एकच माणूस. दोघांनी एकदम बटण दाबले तर ऐकणाऱ्यांच्या कानात नुसती शिट्टी वाजते. पण एकाचे बोलणे सर्वांना ऐकू जाते, हा मोठा फायदा. शेजारच्या विमानाला काय सांगितले हेही वैमानिकाला कळते आणि गडबड वाटली तर तो मध्ये बोलू शकतो.

विमानाला वाट सांगायची ती अशी. टॅक्सी-वे म्हणजे एप्रनपासून धावपट्टीपर्यंतचे रस्ते. त्यांना इंग्रजी अक्षरांची नावे असतात, पण उच्चार अल्फा, ब्राव्हो, चार्ली असा करतात, कारण बी, डी, पी, टी ही अक्षरे रेडिओवर सारखीच वाटतात. धावपट्टीला आकडा असतो. तो होकायंत्रावरच्या दिशेचा शेवटचा आकडा गाळून येतो. चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पूर्वेला तोंड करून निघाले तर ती 09, पश्चिमेला तोंड केले तर तीच 27. बोलताना सत्तावीस म्हणत नाहीत, टू सेव्हन म्हणतात. नऊला नायनर म्हणायची पद्धत आहे, कारण नाईन आणि फाइव्ह यांत घोटाळा होतो.

समजा टॉवरने सांगितले, अल्फावरून रनवे टू सेव्हनच्या थांबण्याच्या जागेपर्यंत या. वैमानिकाने यावर नुसते बरे म्हणून चालत नाही. अल्फावरून, टू सेव्हनच्या थांबण्याच्या जागेपर्यंत, आणि शेवटी आपल्या विमानाचे नाव, असे सगळे परत म्हणून दाखवायचे. टॉवरने ते ऐकायचे आणि चुकले तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचे. याला रीडबॅक म्हणतात. धावपट्टीवर येणे, धावपट्टी ओलांडणे, तिच्या अलीकडे थांबणे, उड्डाण आणि उतरणे यांच्या परवानग्या परत म्हणणे सक्तीचे आहे. रॉजर हा शब्द सिनेमांमुळे सर्वांना माहीत झाला आहे. त्याचा अर्थ फक्त तुमचा निरोप पोचला एवढाच. निरोप समजला की नाही, पाळणार की नाही, हे त्यातून कळत नाही. म्हणून अशा परवानग्यांना नुसते रॉजर हे उत्तर चालत नाही.

आपल्या धंद्यात ही पद्धत अनोळखी नाही. आडतीच्या पेढीवर टेलिफोनवर सौदा होतो तेव्हा जुना मुनीम भाव, गाठींची संख्या आणि पोचवायचा दिवस परत म्हणून घेतो. आमच्या गावाच्या नावातच रंगारी आहे. रंगाऱ्याकडे कापड टाकताना लाल सांगून भागत नाही, सोबत नमुन्याची चिंधी दिली की दोघांचा लाल एकच राहतो. उधारीचा व्यवहार असेल तर तो लिहून ठेवावा आणि साक्षीदार करावेत, ही सूचना सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे, हे वाचकांना ठाऊक आहेच. विमानतळावर लिहायला वेळ नसतो. तिथे परत म्हणणे हाच दस्तऐवज. शिवाय टॉवरचे सगळे बोलणे टेपवर नोंदले जाते, नंतर कोणाला नाकारता येत नाही.

एका शब्दाने 583 जीव

हे नियम इतके कडक का झाले, याचे उत्तर 27 मार्च 1977 च्या अपघातात आहे. स्पेनच्या ताब्यातल्या टेनेरीफ बेटावरचा विमानतळ लहान. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळे मोठमोठी विमाने इकडे वळवली गेली. ती टॅक्सी-वेवर दाटीने उभी राहिली, म्हणून निघणाऱ्या विमानांना धावपट्टीवरूनच मागे चालत जाऊन टोकाला वळावे लागत होते. ही पद्धत आपल्याकडेही, जिथे धावपट्टीला समांतर टॅक्सी-वे नाही तिथे, रोजची आहे. त्यात दाट धुके उतरले. टॉवरला विमाने दिसत नव्हती, विमानांना एकमेकांची दिसत नव्हती आणि जमिनीवरचे रडार तिथे नव्हते.

हॉलंडच्या केएलएम कंपनीचे जंबो टोकाला जाऊन वळले. अमेरिकेच्या पॅन अॅमचे जंबो अजून त्याच धावपट्टीवर, समोरून येत होते. केएलएमला हवेतला मार्ग कळवला गेला होता, उड्डाणाची परवानगी मिळाली नव्हती. पण त्या निरोपात टेक-ऑफ हा शब्द होता. केएलएमच्या वैमानिकाने मार्ग परत म्हणताना, आम्ही आता टेक-ऑफवर आहोत, अशा अर्थाचे काही सांगितले. टॉवरने समजून घेतले की टेक-ऑफच्या जागी उभे आहेत. वैमानिकाला म्हणायचे होते की निघालो. टॉवरने आधी ओके म्हटले आणि मग, थांबा, मी सांगेन, असे म्हटले. त्याच क्षणी पॅन अॅमचा वैमानिक ओरडून सांगत होता की आम्ही अजून धावपट्टीवर आहोत. दोघे एकदम बोलले. केएलएमच्या वैमानिकांच्या कानावर ओके आले आणि त्यानंतर शिट्टी. दोन्ही विमाने भिडली, 583 माणसे मेली. विमान वाहतुकीच्या इतिहासात यापेक्षा मोठा अपघात झालेला नाही आणि तो विमाने जमिनीवर असताना झाला.

तेव्हापासून नियम झाला की टेक-ऑफ हा शब्द फक्त प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना, ती परत म्हणताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. इतर वेळी डिपार्चर म्हणायचे. ओके वगैरे मोघम शब्द बाद झाले. आपल्याकडे बोलण्यात बरं, हो हो, बघतो, हे शब्द फार. त्यांनी भांडण टळते, पण सौद्याचे काय ठरले ते कळत नाही.

परत म्हणणे हा रामबाण इलाज आहे असेही नाही. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे मोठे विमान उतरत होते. आदल्या दिवशी नोटो भागात भूकंप झाला होता. तिकडे मदत घेऊन जाणाऱ्या तटरक्षक दलाच्या लहान विमानाला सांगण्यात आले की सी फाइव्ह या थांबण्याच्या जागेपर्यंत या, तुमचा नंबर पहिला. त्यांनी ते बरोबर परत म्हटले. तरीही विमान थांबले नाही, धावपट्टीवर जाऊन उभे राहिले. पहिला नंबर म्हणजे परवानगी, असा समज झाला. मोठे विमान त्याच्यावर येऊन आदळले. मोठ्या विमानातली सर्व 379 माणसे जळत्या विमानातून बाहेर निघाली. तटरक्षक विमानातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. तोंडाने शब्द बरोबर आले होते, मनात अर्थ दुसरा होता. त्यानंतर जपानने नंबर सांगण्याची ही पद्धत काही काळ थांबवली.

रेघा, पाट्या आणि दिवे

म्हणून नुसत्या आवाजावर भिस्त ठेवलेली नाही. टॅक्सी-वेवरच्या खुणा पिवळ्या, धावपट्टीवरच्या पांढऱ्या. टॅक्सी-वेच्या कडेला रात्री निळे दिवे, मधल्या रेषेवर हिरवे. धावपट्टीच्या अलीकडे चार पिवळ्या रेघा आडव्या काढलेल्या असतात, दोन अखंड आणि दोन तुटक. अखंड रेघांच्या बाजूने येणाऱ्याने परवानगीशिवाय पुढे जायचे नाही. तिथेच लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरात धावपट्टीचा आकडा असतो. मोठ्या विमानतळांवर जमिनीतच लाल दिव्यांची ओळ बसवलेली असते. ती विझल्याशिवाय कोणी ओलांडायची नाही, मग तोंडी परवानगी मिळालेली असली तरी.

या खुणांची निगा राहिली नाही तर काय होते ते इटलीत मिलान शहराच्या लिनाते विमानतळावर 8 ऑक्टोबर 2001 रोजी दिसले. धुके होते. एक छोटे विमान आर 5 ऐवजी आर 6 या टॅक्सी-वेवर शिरले. जमिनीवरचे रडार बंद होते. वैमानिकाने रेडिओवर आपण एस 4 या खुणेजवळ आलो असे सांगितलेही, पण ती खूण टॉवरमधल्या माणसाच्या माहितीत नव्हती. त्याने ती कुठे आहे असे उलट विचारले नाही. छोटे विमान चालत चालत धावपट्टीवर आले आणि उड्डाण घेणाऱ्या प्रवासी विमानाने त्याला धडक दिली. 118 माणसे गेली. पाटी रंगवायचा खर्च किती येतो, याचा विचार ज्याचे त्याने करावा.

रेडिओ बंद पडला तर? त्यासाठी मनोऱ्यात बंदुकीसारखा धरायचा दिवा असतो. उभ्या विमानावर उघडझाप करणारा हिरवा दिवा टाकला तर चालू लागा, स्थिर लाल म्हणजे थांबा, उघडझाप करणारा लाल म्हणजे वापरात असलेल्या धावपट्टीवरून बाजूला व्हा, उघडझाप करणारा पांढरा म्हणजे जिथून निघालात तिथे परत जा. स्थिर हिरवा म्हणजे उड्डाणाची परवानगी. संगणकाच्या काळातही हा दिवा मनोऱ्यातून गेलेला नाही.

जीप, टग आणि माणसे

विमानतळाच्या आत फक्त विमाने फिरत नाहीत. सामानाच्या गाड्या, इंधनाचे टँकर, जेवणाच्या गाड्या, शिडीच्या गाड्या, पक्षी हाकलणारी जीप, गवत कापणारे ट्रॅक्टर, दुरुस्तीचे मजूर, सगळे असतात. त्यांच्यासाठी साधा नियम आहे की विमानाला नेहमी आधी वाट. विमानाच्या पोटावरचा आणि पाठीवरचा लाल दिवा उघडझाप करू लागला की इंजिन चालू आहे किंवा आता होणार, असे समजून लांब राहायचे. धावपट्टीवर जायचे असेल तर वाहनात रेडिओ हवा, टॉवरची परवानगी हवी आणि तीही वैमानिकासारखी परत म्हणायची. काम संपले की धावपट्टी सोडली असे कळवायचे. कळवले नाही तर टॉवरच्या हिशेबात गाडी अजून तिथेच आहे.

पुण्याचे लोहगाव विमानतळ हवाई दलाचे. 15 फेब्रुवारी 2020 रोजी तिथून दिल्लीला निघालेले एअर इंडियाचे एअरबस विमान धावपट्टीवर भरधाव असताना पुढे एक जीप आणि एक माणूस दिसला. थांबायला जागा नव्हती. वैमानिकाने नेहमीपेक्षा आधी नाक उचलले. शेपटीकडचा भाग जमिनीला घासला, पण विमान उडाले आणि दिल्लीला सुखरूप उतरले. त्याच पुण्यात 16 मे 2024 रोजी दिल्लीला निघालेले एअर इंडियाचे विमान धावपट्टीकडे चालत असताना टगला धडकले. सुमारे 180 प्रवासी होते, सर्व सुखरूप. दोन्ही वेळा कोणी मेले नाही म्हणून बातमी दोन दिवसांत विरली. पण 1993 च्या बीड रस्त्यावरचा ट्रक आणि 2020 ची ही जीप यांच्यात फरक फक्त कुंपणाच्या आत-बाहेरचा आहे.

कुंपणाबाहेरच्यांना सावध करण्याची रीत आपल्याला रेल्वेच्या फाटकावर पाहायला मिळते. फाटकवाल्याला स्टेशनमधून टेलिफोन येतो, तो फाटक बंद करतो आणि बंद केल्याची खात्री म्हणून एक गुप्त आकडा स्टेशन मास्तरला सांगतो. मास्तर तो वहीत लिहितो, मग गाडी सुटते. आकडा आला नाही तर गाडी थांबते. लासूर स्टेशनच्या बाजूने माल नेणारे ट्रकवाले फाटकावर वैतागतात, पण हा आकडा म्हणजेच रीडबॅक आहे. विमानतळावरही हे करता येते. युरोपात जिब्राल्टरला शहराचा मुख्य रस्ता धावपट्टीलाच आडवा छेदून जात असे. विमान येताना दोन्ही बाजूंची फाटके बंद व्हायची, गाड्या रांगेत थांबायच्या. 2023 मध्ये बोगदा झाला आणि गाड्यांची वाहतूक त्यातून जाऊ लागली. चिकलठाण्याला 1993 मध्ये रस्ता धावपट्टीला छेदत नव्हता, नुसता टोकाजवळून जात होता. त्यामुळे धोका नजरेत भरला नसावा. पण एप्रिलच्या उन्हात तापलेल्या हवेत भरलेले विमान जड उठते आणि गाठींनी भरलेला ट्रक उंच असतो. एका गाठीचे वजन साधारण 170 किलो धरतात. अशा गाठींची थप्पी म्हणजे भिंतच.

वेळ, पैसा आणि रोजगार

आता अर्ध्या तासाच्या प्रश्नाकडे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी जवळजवळ सगळा भार एकीवरच. मागच्या-पुढच्या विमानांत अंतर ठेवावे लागते, कारण मोठ्या विमानामागे हवेचे भोवरे राहतात. म्हणून विमाने रांगेत उभी राहतात. मधल्या आकाराचे विमान नुसते चालताना मिनिटाला सुमारे 10 ते 12 किलो इंधन जाळते. वीस मिनिटांत 200 किलोच्या वर. तो खर्च तिकिटातच येतो. काही कंपन्या चालताना एकच इंजिन लावतात. दिल्लीत 2019 साली एअर इंडियाने टॅक्सीबॉट नावाच्या गाडीने प्रवाशांसह एअरबस विमान धावपट्टीपर्यंत नेले. त्यात गाडी खालची असली तरी ती वैमानिकच वळवतो.

आपल्या मुलांच्या दृष्टीने एक गोष्ट सांगतो. विमानतळ म्हटले की पालकांच्या डोळ्यांसमोर वैमानिक नाहीतर हवाईसुंदरी येते. वैमानिकाच्या शिक्षणाचा खर्च मध्यम व्यापाऱ्यालाही झेपत नाही. पण टग चालवणारा, सामान चढवणारा, विमानाला हातातल्या काठ्यांनी जागा दाखवणारा मार्शलर, हेडफोनवर बोलणारा तंत्रज्ञ, ही सगळी कामे जमिनीवरची आहेत. ती देणाऱ्या कंपन्या मोठ्या विमानतळांवर सतत माणसे घेतात. आपल्याकडे गॅरेज आणि ट्रान्सपोर्टमध्ये वाढलेली मुले हाताने हुशार असतात. अडते ते दोन ठिकाणी. एक, कागदपत्रे. आत जाण्याचा पास पोलिसांच्या पडताळणीनंतरच मिळतो, त्यामुळे जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार आणि ड्रायव्हिंग लायसन यांतले नाव एकसारखे हवे. एकीकडे शेख आणि दुसरीकडे शेक असेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्यावे, नोकरीची चिठ्ठी आल्यावर वेळ उरत नाही. दोन, भाषा. रेडिओवरचे इंग्रजी पुस्तकी नसते, थोड्या ठराविक शब्दांचे असते, पण ते अचूक ऐकता आणि परत म्हणता आले पाहिजे. दहावी झालेल्या मुलाला सरावाने जमण्यासारखे आहे.

विमानतळाच्या आत वाहन चालवायला बाहेरचे लायसन पुरत नाही. त्यावर विमानतळाचा वेगळा परवाना लागतो. त्यासाठी शिकवणी आणि परीक्षा असते. त्यात रेघांचे रंग, पाट्या, दिव्याच्या खुणा आणि कोणत्या जागेच्या पुढे विचारल्याशिवाय जायचे नाही, हेच विचारतात. परवाना चुकांवर रद्द होतो आणि धावपट्टीवर न विचारता शिरणे ही त्यांतली सर्वांत गंभीर चूक मानली जाते.